मदत हवी आहे: भट्टीवरच्या अपघातानंतर पोरं उभी राहीनात

शिरोलीचा_साचा
मालकांना सोमवारपर्यंत आपत्कालीन आराखडा लिहून द्यायचाय. कुणाकडे तयार नमुना असेल तर लगेच टाका. सेकंड शिफ्टची पोरं भट्टीजवळ यायला तयार नाहीत, तेही बघायचंय. घाई आहे.

कोरबॉक्स
कसला कारखाना, किती माणसं, झालं काय? काहीच सांगितलं नाहीस भावा. डोळे झाकून कसला नमुना देऊ?

शिरोलीचा_साचा
फौंड्री, म्हणजे धातू वितळवून ओतायचा कारखाना. कोल्हापूरजवळ, शिरोली एमआयडीसी. ५०० किलोची विजेवरची इंडक्शन भट्टी, साठ माणसं. मेटल उसळलं, एकजण हातावर भाजला. आता बरा आहे. नमुना आहे का?

जुना_मेल्टर
का उसळलं ते आधी सांग. पावसाचे दिवस, स्क्रॅप उघड्यावर असणार. तोंडं चेपलेला पाइपचा तुकडा मेटलमध्ये गेला की आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते. तिला पाण्याच्या साधारण १६०० पट जागा लागते, ती मेटल घेऊनच वर येते. स्क्रॅपवर छप्पर घाला, बंद पाइप-डबे कापून घ्या, माल तापवून कोरडा करूनच भट्टीत टाका. आराखड्याचं पहिलं पान हेच. दुसरं पान, लाइट गेली तर भट्टीभोवतीच्या कॉइलला थंड ठेवणारं पाणी कुठून मिळणार.

सिस्टर_राजारामपुरी
भाजल्यावर पहिल्या दहा मिनिटांत काय केलंत?

शिरोलीचा_साचा
कुणीतरी टूथपेस्ट आणली. लावली.

सिस्टर_राजारामपुरी
टूथपेस्ट, हळद, बर्फ काही नको. साध्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरायचं. सूज यायच्या आत अंगठी, कडं काढायचं. कातडीला चिकटलेला कपडा ओढायचा नाही. कुणीतरी तेव्हाच १०८ ला फोन लावायचा.

जुना_मेल्टर
ताई, भट्टीपाशी पाणी अजिबात नको. तिथं कोरडी वाळूच.

सिस्टर_राजारामपुरी
काका, मी भट्टीवर ओतायला सांगत नाहीये. शेडबाहेर नळ हवा, आणि माणसाला तिथवर न्यायचं कुणी हे आधी ठरलेलं हवं.

पंचगंगाकाठ
पुराचंही लिहा. ऑगस्ट २०१९ ला शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली होता. सीपीआर हॉस्पिटलला नेणार कसं? पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका. ३९ लाच शिफ्ट कमी करा.

दसरा_चौक
विमा आहे ना कामगारांचा? माझ्या मेव्हण्याचा क्लेम कागदांपायी वर्षभर लटकला. सगळ्याच्या झेरॉक्स काढून ठेवा.

कोरबॉक्स
अहो, पोरं भट्टीजवळ येत नाहीत म्हणतोय तो. त्याचं कोण बोलणार?

शिरोलीचा_साचा
खरं तेच अडलंय. भाजलेला परत यायचं म्हणतो. त्याच्या शेजारी उभा होता तो हेल्पर, बावीस वर्षांचा, तो गेटवरच्या केबिनमध्ये डबा ठेवून तिथंच बसतो. आत या म्हटलं की हात पुसत राहतो. हात कोरडेच असतात. त्याला बघून बाकीची थांबलीत.

कागल_एचआर
सगळ्यांना गोल बसवा, ज्यानं जे पाहिलं ते प्रत्येकाकडून बोलून घ्या. मन मोकळं होतं.

सिस्टर_राजारामपुरी
सक्तीनं बोलायला लावू नका. जागतिक आरोग्य संघटनासुद्धा तसं करू नका म्हणते. ज्याला बोलायचंय त्याचं ऐका, बाकीच्यांना नुसतं सांगा की काय झालं, का झालं, आता काय बदललंय. पगार न कापता त्या हेल्परला काही दिवस दुसरं काम द्या. महिनाभरानंही झोप लागत नसेल तर डॉक्टर. सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, टेलिमानस १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

कागल_एचआर
आमच्याकडं गोल बसवून फरक पडला होता, म्हणून लिहिलं.

जुना_मेल्टर
आता पहिल्या हीटला, म्हणजे पहिला माल वितळवताना, तू स्वतः प्लॅटफॉर्मवर उभा राहा. सुपरवायझर खाली आणि पोरगं वर, असं चालणार नाही.

शिरोलीचा_साचा
काका, त्या दिवशी मी खालीच होतो.
सकाळी त्या हेल्परच्या घरी गेलो. ओला पाइप त्यानंच टाकला असं त्याला वाटत होतं. ती स्क्रॅपची बकेट मी भरून दिली होती, तसं सांगितलं त्याला. बराच वेळ गप्प बसला. उद्या स्क्रॅपवर ताडपत्री बांधतोय, तिथं येतो म्हणाला. भट्टीचं मी विचारलं नाही.
नळ कुठं काढावा, शेडच्या कुठल्या बाजूला, तेवढं सांगा ताई.