कॅनडा पीआरसाठी आयेल्ट्स द्यावी, सेल्पिप की पीटीई?

रानवाट:
नमस्कार मंडळी, मी आणि नवरा एक्सप्रेस एन्ट्रीतून (पॉइंट्सवर निवड होते ती पद्धत) कॅनडा पीआरसाठी, म्हणजे कायमच्या वास्तव्यासाठी, अर्ज करायचं ठरवतोय, मुख्य अर्जदार मी. माझ्याकडे गेल्या वर्षीचा आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेचा स्कोअर आहे पण तो अ‍ॅकॅडमिकचा, तेव्हा मास्टर्ससाठी बाहेर जायचा विचार होता. ओव्हरऑल ७, रायटिंग तेवढं ६.५. तो चालेल का? एक मैत्रीण म्हणते पीटीई दे, मशीन तपासतं, सोपं जातं. दुसरी म्हणते ड्युओलिंगो घरबसल्या होते. मला समोरासमोर बोलायला काहीच अडचण नाही, निबंध लिहायला घेतला की मात्र वेळ पुरत नाही. डिग्र्या दोन आहेत, नोकरीचा अनुभव पाच वर्षांचा. कोणी यातून गेलं असेल तर नीट सांगा प्लीज.

मृदगंध:
ड्युओलिंगो आधी डोक्यातून काढा. बऱ्याच युनिव्हर्सिट्या घेतात पण पीआरला चालत नाही. सगळा घोळ इथेच होतो, अ‍ॅडमिशनला चालते ती परीक्षा पीआरलाही चालेल असं लोक धरून चालतात. एक्सप्रेस एन्ट्रीला इंग्रजीसाठी सध्या आयेल्ट्स जनरल ट्रेनिंग, सेल्पिप जनरल आणि ३० जानेवारी २०२४ पासून पीटीई कोअर, या चालतात आणि त्याही सेंटरवर जाऊनच द्यायच्या. तुमचा अ‍ॅकॅडमिकचा स्कोअर उपयोगाचा नाही. पीटीईतही अ‍ॅकॅडमिक वेगळी, कोअर वेगळी, बुक करताना नाव दोनदा वाचा.

आकाशकंदील:
ओव्हरऑल बँड विसरा, इथे चारही स्किल्स (लिसनिंग, रीडिंग, रायटिंग, स्पीकिंग) वेगवेगळी मोजतात आणि त्यांचं सीएलबी, म्हणजे कॅनडाच्या भाषा मोजायच्या मापाच्या, लेव्हलमध्ये रूपांतर होतं. सीएलबी ९ साठी आयेल्ट्समध्ये लिसनिंग ८ आणि बाकी तिन्ही ७ लागतात. रायटिंग ६.५ म्हणजे सीएलबी ८. अर्ध्या बँडने काय बिघडतंय असं वाटेल, पण हिशोब बघा. दोन डिग्र्या आणि तीन वर्षांपेक्षा जास्त परदेशी अनुभव असेल आणि चारही स्किल्स ९ ला पोचली तर शिक्षणाचे ५० आणि अनुभवाचे ५० असे जादा पॉइंट्स मिळतात, एक जरी ८ वर अडकलं तरी ते २५ आणि २५ होतात. शिवाय जोडीदारासोबत अर्ज असेल तर त्या एका स्किलचे २९ ऐवजी २२. म्हणजे निव्वळ रायटिंगमुळे ५७ पॉइंट्स जातात! म्हणून परीक्षा निवडताना तुमचं रायटिंग कुठे वर जाईल एवढंच बघा, बाकी सगळं नंतर.

रानवाट:
बापरे, ५७! हे एवढं असेल असं वाटलंच नव्हतं. मग निबंध टाळायला पीटीई कोअर घेऊ का? आणि आयेल्ट्समध्ये एकच स्किल परत देता येतं म्हणे, तसं करून रायटिंग सुधारता येईल ना?

मृदगंध:
वन स्किल रिटेक कॅनडाच्या इमिग्रेशनला चालत नाही, चारही एकाच परीक्षेत हवीत. दोन परीक्षांचे चांगले चांगले मार्क्स एकत्र करूनही दाखवता येत नाहीत.

आकाशकंदील:
पीटीई कोअरमध्ये मोठा निबंध नाही, ईमेल आणि उताऱ्याचा सारांश असतो, हे खरं. पण ती सोपी हे मला अजिबात पटत नाही, कारण रायटिंगला सीएलबी ९ साठी ९० पैकी ८८ लागतात. दोन मार्क इकडेतिकडे झाले की खाली. बोलणंही सगळं माइकसमोर, मध्ये काही सेकंद गप्प राहिलात तर रेकॉर्डिंग बंद होतं, ज्यांना समोर माणूस असला की बोलायला सुचतं त्यांना ते जड जातं. सेल्पिपमध्येही कॉम्प्युटरशीच बोलायचं, पण रायटिंगला एक ईमेल आणि एका सर्व्हे प्रश्नावर स्वतःचं मत, दोन्ही साधारण १५० ते २०० शब्दांत. आयेल्ट्स जनरलला एक पत्र आणि २५० शब्दांचा निबंध, मिळून एक तास. तुम्हाला वेळ पुरत नाही म्हणता तर सेल्पिपचा सराव पेपर घड्याळ लावून सोडवा, आयेल्ट्सचाही एक सोडवा, दोन्ही कोणाला तरी तपासायला द्या आणि मग फी भरा. माझं मत सेल्पिपकडे झुकतंय, फक्त माइकची सवय करावी लागेल.

मृदगंध:
अजून एक, स्कोअर दोनच वर्षं चालतो आणि तो नुसता प्रोफाइल बनवताना नाही तर पीआरचा अर्ज भरतानाही चालू असावा लागतो. डिग्र्यांचं मूल्यांकन करून घेतलंय का? नसेल तर परीक्षेच्या तयारीबरोबरच ते सुरू करा, त्याशिवाय डिग्र्यांचे पॉइंट्स धरतच नाहीत.

रानवाट:
मूल्यांकन अजून नाही केलं, उद्याच युनिव्हर्सिटीत ट्रान्सक्रिप्टसाठी अर्ज टाकते. या शनिवारी दोन्ही पेपर सोडवते आणि इथेच कळवते. खूप आभार दोघांचे.