टच-अप की गॅरेज? आधी नख फिरवून बघा

दादा, गाडीच्या दारावर चावीने पडलेल्या रेघेसाठी टच-अप पेन (ओरखड्यात रंग भरायचं पेन) घेऊ की गाडी गॅरेजला टाकू, असं विचारलंत. बहुतेकांनी थेट पेंटिंगच सांगितलंय, पण आधी गाडी धुऊन रेघेवरून आडवं नख फिरवा. अडकलं नाही तर ओरखडा फक्त क्लिअर कोटमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात आहे. रबिंग कंपाउंड (घासायची पेस्ट) आणि पॉलिशने घरीच जातो.

आत चकाकता पत्रा दिसला तर मात्र पावसाळ्याआधी कराच, गंज रंगाखाली पसरत जातो. प्लास्टिकच्या बंपरला ही घाई नाही.

नागपुरात सीताबर्डीच्या गर्दीत माझ्या पांढऱ्या गाडीला दुचाकीचं हँडल घासलं होतं. मी मे महिन्यात भर दुपारी अंगणात टच-अपला बसलो. पत्रा इतका तापलेला की रंग टेकताच सुकला आणि गाठ बसली. ती घासून काढली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ६ वाजता टूथपिकच्या टोकाने पातळ ३ थर दिले, प्रत्येक थर नीट वाळू देऊन. आता हातभर अंतरावरून दिसत नाही. रंगाचा कोड बहुधा दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली असतो, तोच सांगून रंग घ्या.

तुमची गाडी सिल्व्हर मेटॅलिक आहे, तिथे मी ब्रश लावणार नाही. त्यातले चमकदार कण ब्रशने सारखे बसत नाहीत, पट्टा वेगळा दिसतोच. तेवढं एक दार स्प्रेने करून घ्या. आणि एका रेघेसाठी विम्याचा क्लेम नकोच, नूतनीकरणाला नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट जाते.