गोरेतर इंडी सिनेमाला वेगळे पुरस्कार अजून हवेत का?

तिसरी घंटा
अमेरिकेत कृष्णवर्णीय, आशियाई, लॅटिनो आणि मूलनिवासी लोकांच्या गोष्टी सांगणाऱ्या छोट्या, मोठ्या स्टुडिओबाहेर बनणाऱ्या इंडी (स्वतंत्र) चित्रपटांना गौरवणारे खास पुरस्कार आहेत. एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या, १९६७ साली सुरू झालेल्या इमेज अवॉर्ड्समध्ये स्वतंत्र चित्रपटाचा विभाग आहे, ब्लॅक रील अवॉर्ड्स २००० पासून दिले जातात. २०१५ आणि २०१६ मध्ये ऑस्करच्या अभिनय विभागांतली वीसच्या वीस नामांकनं गोऱ्यांची होती. त्या वेळी या पुरस्कारांची गरज मीही मान्य केली असती. पण २०१७ मध्ये कृष्णवर्णीय मुलाची गोष्ट सांगणाऱ्या ‘मूनलाइट’नं शनिवारी इंडी चित्रपटांच्या स्पिरिट अवॉर्ड्समध्ये आणि रविवारी ऑस्करला सर्वोत्तम चित्रपटाचा मान मिळवला. आता वेगळी पंगत मोडायला हवी. विभाग करायचेच तर खर्चावर करा, वर्णावर नको. स्पिरिटमधला जॉन कॅसाव्हेटीस पुरस्कार तसाच आहे, १० लाख डॉलरच्या आतल्या चित्रपटांसाठी.

मॅटिनी
पंगत वेगळी कोणी मांडली, ते आधी बघू या. ‘मिनारी’ घ्या. आर्कान्सासमधल्या शेतावरचं कोरियन कुटुंब, दिग्दर्शकाचा जन्म डेन्व्हरचा, निर्मिती अमेरिकन. तरी २०२१ च्या गोल्डन ग्लोबमध्ये तो परभाषिक विभागात गेला, कारण निम्म्याहून जास्त संवाद इंग्रजीत नसले की मुख्य विभागाचं दार बंद, असा तेव्हा नियम होता. नियमात वर्णाचा उल्लेखही नव्हता. स्थलांतरितांच्या घरात जी भाषा बोलली जाते तीच नेमकी आड आली. त्याच वर्षी स्पिरिटमध्ये मात्र तो सर्वोत्तम चित्रपटाच्या नामांकनात होता आणि आजीच्या भूमिकेसाठी युन यो-जंग यांना तिथं पुरस्कारही मिळाला. खुली स्पर्धा किती खुली आहे ते नियमावलीच्या बारीक अक्षरांत कळतं.

आणि खर्चाचं म्हणाल, तर स्पिरिटनं २०२२ मध्ये निर्मितीखर्चाची कमाल मर्यादा २.२५ कोटींवरून ३ कोटी डॉलर केली. मुख्य विभागात आता पाच लाखांचा चित्रपट तीन कोटींच्या चित्रपटाशेजारी बसतो. परीक्षकांपर्यंत पोहोचवण्याच्या प्रसिद्धीचा खर्च कोणाला परवडेल, हे वेगळं सांगायला नको.

साऊंडट्रॅक
दोघंही पुरस्कारापाशी थांबताय. चित्रपट अडतो तो त्याच्या पुढे.

चार्ल्स बर्नेट यांचा ‘किलर ऑफ शीप’ विद्यार्थीदशेत, १० हजार डॉलरपेक्षा कमी खर्चात झाला. १९८१ मध्ये बर्लिन महोत्सवात समीक्षकांचा पुरस्कार, १९९० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत, म्हणजे जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या यादीत, समावेश. मान सगळे मिळाले, पण थिएटरमध्ये रीतसर लागायला २००७ उजाडलं. कारण गाणी. चित्रपटभर वापरलेल्या संगीताचे हक्क घेतलेलेच नव्हते आणि शेवटी त्यावर दीड लाख डॉलर खर्च झाले. निर्मितीखर्चाच्या पंधरापटीहून जास्त!

ही चूक आजही होते. एका गाण्याचे दोन हक्क लागतात: रचनेचा एक आणि ध्वनिमुद्रणाचा एक. बरेच जण एकच घेतात, किंवा दोन्ही फक्त महोत्सवापुरते घेतात, कारण ते स्वस्त पडतात. मग पुरस्कार मिळतो, वितरक विचारणा करतो, आणि तोवर हक्कधारकाला कळलेलं असतं की तुम्हाला गरज आहे. म्हणून पहिल्याच करारात टप्पे लिहून घ्यायचे: महोत्सवाला अमुक रक्कम, थिएटरला अमुक, स्ट्रीमिंगला अमुक. संकलन लॉक, म्हणजे अंतिम, व्हायच्या आधी. नंतर गाणं बदलायचं म्हणजे दृश्याचा ताल बदलतो.

रीळबदल
तिसरी घंटा यांच्या यादीत ऑस्करचे समावेशकतेचे (डावलल्या गेलेल्या गटांना किती स्थान दिलं याचे) निकष आले नाहीत, बरंच झालं, कारण आता भेद उरला नाही याचा पुरावा म्हणून ते बऱ्याचदा पुढे केले जातात. २०२४ च्या सोहळ्यापासून सर्वोत्तम चित्रपटासाठी चारपैकी दोन निकष लागतात. अ म्हणजे पडद्यावरची माणसं आणि कथा, ब म्हणजे दिग्दर्शक, संकलक, छायाचित्रकार यांसारखे विभागप्रमुख आणि तंत्रज्ञ, क म्हणजे पगारी प्रशिक्षण, ड म्हणजे प्रसिद्धी-वितरणातले वरिष्ठ अधिकारी. क आणि ड कंपनीच्या कारभारावर मोजतात. म्हणजे मोठा स्टुडिओ पडद्यावर काहीही न बदलता पार होतो. वितरक नसलेल्या छोट्या चित्रपटाच्या हातात अ आणि ब एवढंच उरतं. म्हणून हे निकष असूनही खास पुरस्कार लागतात.

पिटातला
मराठी चित्रपट यात कुठं बसतो?

मॅटिनी
@पिटातला, बसत नाही. ‘गोरेतर’ हा अमेरिकेतल्या वांशिक इतिहासातून आलेला गट आहे. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’ला २०२१ मध्ये स्पिरिटचं नामांकन होतं, पण आंतरराष्ट्रीय विभागात. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी दिग्दर्शकानं तिथंच चित्रपट केला तर गोष्ट वेगळी.

तिसरी घंटा
मिनारीचा मुद्दा मला मान्य आहे. पण उपाय म्हणजे तो नियम बदलणं, आणि तो पुढे बदललाही. खास महोत्सवांचा एक तोटा कोणी बोलत नाही. सनडान्स या इंडी चित्रपटांच्या मोठ्या महोत्सवात, अमेरिकन स्पर्धा विभागासाठी, पूर्ण लांबीच्या चित्रपटाचा जगातला पहिला खेळ तिथंच व्हावा लागतो. आधी आपल्या समाजाच्या छोट्या महोत्सवात दाखवला की ते दार बंद. आपुलकीपोटी लोक हीच संधी घालवून बसतात.

मॅटिनी
पूर्ण लांबीच्या बाबतीत बरोबर, क्रम पाळावाच लागतो. लघुपटाचं उलट आहे. सनडान्स लघुपटांना ती अट घालत नाही. लॉस एंजेलिसचा पॅन आफ्रिकन आणि फिलाडेल्फियाचा ब्लॅकस्टार हे महोत्सव लघुपटांसाठी ऑस्कर-पात्रता देणारे आहेत. तिथला ठरलेला पुरस्कार जिंकला की ऑस्करला पात्र ठरण्यासाठी थिएटर भाड्यानं घेऊन सलग सात दिवस तिकीट लावून खेळ करायची गरज उरत नाही. फक्त दोन गोष्टी बघा: लांबी श्रेयनामावलीसह ४० मिनिटांच्या आत हवी, आणि पात्रता ठरलेल्या पुरस्कारालाच असते. प्रेक्षकपसंतीचं बक्षीस बहुधा त्यात धरत नाहीत. हे दार खास महोत्सवांनीच उघडून दिलंय, तिसरी घंटा.

साऊंडट्रॅक
मग त्या पुरस्कारांनी रक्कम कशासाठी द्यायची तेही ठरवावं. स्पिरिटचा ‘समवन टू वॉच’ पुरस्कार होतकरू दिग्दर्शकाला २५ हजार डॉलर देतो, कसलीही अट न घालता. चांगलं आहे. पण पहिल्या चित्रपटाला वितरक मागतो ती यादी अशी: डीसीपी (थिएटरमध्ये दाखवायची डिजिटल प्रत), इंग्रजी कॅप्शन, संवाद वगळून संगीत-ध्वनीचा वेगळा ट्रॅक, गाण्यांची सेकंदांसह यादी, हक्कांच्या कागदपत्रांची अखंड साखळी आणि हक्कांवरून कोणी दावा केला तर उपयोगी पडणारा विमा. एखाद्या खास पुरस्कारानं ट्रॉफीसोबत एवढाच खर्च उचलला, तर वर्णावर विभाग असण्याला माझा काहीही आक्षेप नाही.