दारू महागली की वेटरची टिपही वाढवावी का? मदत हवी आहे

मंडळी, आम्ही पाच मित्र महिन्यातून एका शनिवारी पणजीत एका ठरलेल्या बारमध्ये बसतो. सात-आठ वर्षं झाली. सुरुवातीला पाच जणांचं बिल बाराशेच्या आसपास व्हायचं आणि आम्ही शंभर रुपये टिप ठेवायचो. आता बिल तीन हजारांच्या खाली येत नाही, पण टिप अजून शंभरच.

परवा मी म्हटलं, दोनशे ठेवूया. एक मित्र म्हणाला, "दारूचा दर वाढला म्हणून त्याला काय जास्त चालावं लागलं? तोच ग्लास, तेच टेबल." मला पटकन उत्तर सुचलं नाही, कारण त्याचा मुद्दा खोटा नाही. जेवणावर जीएसटी लागतो, दारूवर मात्र राज्याचं अबकारी शुल्क आणि व्हॅट. सरकारने हे कर वाढवले की बिल वाढतं. त्याच्या टक्क्याने टिप द्यायची तर कर वाढला म्हणून टिप वाढली, असं होईल.

टक्केवारी मला आणखी एका कारणाने खटकते. मार्च ते मे आम्ही उर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांची पहिल्या धारेची हलकी दारू, घेतो. स्वस्त असते, पण तिच्यात काम किती! लिंबू कापायचं, मिरचीला उभी चीर द्यायची, मीठ, बर्फ, वर लिम्का फोडून द्यायची, आणि हे दर ग्लासाला. शेजारच्या टेबलावर सिंगल मॉल्टसारखी महागडी व्हिस्की जाते, दोन खडे बर्फाचे टाकले की झालं. दहा टक्के धरले तर जास्त राबवणाऱ्या टेबलाकडून त्याला कमी मिळणार.

पण शंभरावर अडून राहणंही मला बरोबर वाटत नाही. आमचा वेटर दोडामार्गकडचा. आम्ही बसलो की न विचारता सोडा आणि शेंगदाणे आणतो. रात्री साडेअकराला सुटतो, मग बाइकने खोलीवर. पेट्रोल, खोलीचं भाडं, तांदूळ त्यालाही महागलेच की. परवा निघताना पाहिलं, त्याने आमची नोट घडी घालून काउंटरवरच्या स्टीलच्या डब्यात टाकली. विचारलं तर म्हणाला, "दादा, सगळ्यांचा एकत्रच असता." रात्री वाटणी होते, त्यात ग्लास धुणारा पोरगाही आला. म्हणजे आमच्या शंभरातले त्याच्या हातात पडतात किती?

सर्व्हिस चार्जचंही विचारायचंय. गेल्या डिसेंबरात किनाऱ्यावरच्या एका ठिकाणी तो बिलात आधीच लावलेला होता, म्हणून आम्ही वेगळी टिप दिली नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय की तो आपोआप लावता येत नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. हे मला नंतर कळलं. आम्ही भरलेले ते पैसे तिथल्या वेटरपर्यंत पोचले असतील का? ही रुखरुख अजून आहे.

तुमच्यापैकी कुणी हॉटेल-बारमध्ये काम केलं असेल तर कृपया सांगा. टिप बिलावर ठरवावी, माणशी ठरवावी, की टेबलावर किती वेळ बसलो त्यावर? स्कॅन करून दिलेली टिप कामगारांना मिळते का, की नोटच बरी? माझ्या मनात माणशी चाळीस आहेत आणि दरवर्षी थोडे वाढवायचे. पुढच्या शनिवारी पुन्हा बसायचंय, त्याआधी मित्राला समजावायचंय.