नुसता रंग देऊन भीती येत नाही

भयपटांच्या चर्चेत एकांनी म्हटलंय की गाजलेला भयपट जसाच्या तसा, फक्त रंगीत करून पुन्हा काढावा. हे करून झालंय हो! हिचकॉकचा 'सायको' १९६० चा, कृष्णधवल. गस व्हॅन सँटनं १९९८ मध्ये जवळपास एकेक शॉट तसाच घेऊन तो रंगीत काढला. जीव काही आला नाही.

उलट 'द फ्लाय' बघा. १९५८ च्या चित्रपटात प्रयोग फसून शास्त्रज्ञाला माशीचं डोकं एका फटक्यात येतं. दिग्दर्शक क्रोननबर्गनं १९८६ मध्ये तेच हळूहळू घडवलं. नखं जातात, दात पडतात आणि प्रेम करणारी बाई ते बघत राहते. मग भीती माशीची उरत नाही, घरातल्या माणसाच्या आजारपणाची होते.

गेल्या पावसाळ्यात राजारामपुरीतल्या घरी भाच्याला दोन्ही दाखवले. जुना लागला तेव्हा तो मोबाईल चाळत होता. शेवटी कोळ्याच्या जाळ्यात अडकलेल्या, माणसाचं डोकं असलेल्या माशीची ती बारीक 'वाचवा' हाक आली आणि मोबाईल खाली गेला. (म्हणून जुन्याला टाकाऊ म्हणू नका.) नव्यात नायक आरशासमोर स्वतःचं नख उपटतो, तिथं पोरानं बोटं मुठीत घट्ट दाबून धरली. मांडीवरचं भडंग तसंच राहिलं.