डुकरं नंतर आली, आधी किल्ला

अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं सिनसिनाटी शहर वाढलं ते वाफेच्या बोटी आणि डुकराच्या मांसाच्या धंद्यामुळे, असं म्हणतात. बरोबर आहे, पण ते १९व्या शतकातलं. त्याआधी हे गाव तगलं ते लष्कराच्या जिवावर. १७८८ च्या शेवटी वस्ती झाली तेव्हा नाव होतं लोसँटीविल, म्हणजे लिकिंग नदीच्या मुखासमोरचं गाव, लॅटिन-फ्रेंच सगळं एकत्र घोटून केलेली खिचडी (गव्हर्नर सेंट क्लेअरने १७९० मध्ये बदललं ते बरंच झालं). १७८९ मध्ये तिथे फोर्ट वॉशिंग्टन हा लष्करी किल्ला बांधला आणि मग ओहायो नदीच्या उत्तरेकडच्या मूळ रहिवाशांवरच्या मोहिमा तिथूनच निघायला लागल्या, आधी १७९० ची जनरल हार्मरची, ती फसली, मग १७९१ ला स्वतः सेंट क्लेअर गेला आणि लिटल टर्टल, ब्लू जॅकेट या मूळ रहिवाशांच्या सरदारांच्या लोकांनी ४ नोव्हेंबरला त्याचे सहाशेच्या वर सैनिक मारले. मूळ रहिवाशांकडून अमेरिकन सैन्याचा एवढा मोठा पराभव पुन्हा कधी झाला नाही, १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्नला मूळ रहिवाशांकडून हरलेल्या कस्टरचं नाव उगाच जास्त गाजलं. १७९४ ला जनरल वेनने मूळ रहिवाशांविरुद्ध फॉलन टिंबर्सची लढाई जिंकली, पुढच्या वर्षी त्यांच्याशी ग्रीनव्हिलचा तह झाला आणि मग कुठे वसाहतवाल्यांचा लोंढा सुरू झाला.