परभणीत काळ्या मातीत घर बांधायचंय, एसपीटी टेस्ट करावी का?

जिंतूररोडकर:
नमस्कार मंडळी. जिंतूर रोडला ३० बाय ४० चा प्लॉट आहे. खाली दोन खोल्या-किचन, वर एक मजला, एवढंच बांधायचंय. माती सगळी काळी. सध्या एवढ्या भेगा पडल्यात की टेप सोडला तर अडीच फूट सरळ खाली गेला. शेजाऱ्याच्या घराला खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपे तडे गेलेत, पावसाळ्यात त्यांचं मागचं दार लागत नाही. आमचे इंजिनिअर म्हणायलेत माती तपासून घ्या, मिस्त्री म्हणतो फुकट पैसे घालू नका. एका एजन्सीनं बोअर मारून एसपीटी (हातोड्याचे ठोके मोजून माती किती घट्ट आहे ते बघायची टेस्ट) करायचे ३५ हजार सांगितले. माझं तपासणीचं बजेट १० हजार, ताणून १५. एवढ्यात काय होईल आणि कुठं करावं, तेवढं सांगा. पायाची डिझाईन इंजिनिअर करणार आहेत, त्यावर चर्चा नको.

गोदाकाठ_नांदेड:
राफ्ट टाका, म्हणजे सगळ्या घराखाली एकच सलग स्लॅबचा पाया. आम्ही टाकलं, सात वर्षं झाली, केसाएवढा तडा नाही. टेस्ट-बिस्ट काही केली नाही. स्टील जास्त जातं पण जिवाला घोर नाही. ३५ हजारांत अर्धा टन तरी सळई येते, ती पायात घाला.

माणिक_औंढा:
अहो परभणीतच वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे, ३५ हजार कशाला? माती परीक्षण तिथं किरकोळ पैशात होतं. आम्ही दरसाल हळदीसाठी करतो.

सेंटरिंगवाला:
माणिकराव, ते नत्र-स्फुरद-पालाश सांगतील. कॉलमला युरिया किती द्यायचा तेवढं कळेल.

माणिक_औंढा:
मातीच आहे ना शेवटी. विचारायला काय जातंय?

कोकणचा_जावई:
एसपीटी करायलाच पाहिजे, तडजोड नाही. माझ्या मेव्हण्यानं रत्नागिरीजवळ किनाऱ्याला घर बांधलं. वर बारीक वाळू आणि खाली सहा फुटांवर पाणी. बोअर मारला तर वरच्या दहा-बारा फुटांत एन व्हॅल्यू (ठोक्यांचा आकडा) ५-६ च्या वर जाईना. शेवटी पाईलवर (जमिनीत खोल उतरवलेल्या खांबांवर) घेतलं घर. त्यानं तर तीन बोअर मारले, आणि तुम्ही एकाला का-कू करायलात. घर आयुष्यात एकदाच होतं.

जिंतूररोडकर:
दादा, समुद्र इथून लई लांब आहे. आणि बजेट वर लिहिलंय.

उपअभियंता_निवृत्त:
कोकणचं उदाहरण इथं लावू नका. एसपीटीत ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंमीवरून सोडतात, खाली उभी दुभंगणारी नळी मातीत घुसते. मजूर रॉडवर खडूनं १५-१५ सेंमीच्या तीन खुणा करतो आणि ठोके मोजतो. पहिल्या खुणेचे सोडून द्यायचे, पुढच्या दोन्हींची बेरीज म्हणजे एन. आयएस २१३१ या भारतीय मानकात हीच रीत आहे. वाळूत ही टेस्ट उत्तम, कारण वाळूचा नमुना न विस्कटता वर काढणं फार अवघड. काळीचं गणित वेगळं. मे महिन्यात वाळून कडक झालेल्या काळीत ठोके भरपूर भरतात, कागदावर जमीन दणकट दिसते. तीच ऑगस्टमध्ये भिजली की ठोके बरेच कमी होतात. शिवाय आपल्याकडं घरं फुटतात ती जास्त करून माती फुगून आणि आकसून, आणि किती फुगेल ते एन सांगत नाही. त्याला फ्री स्वेल इंडेक्स (माती पाण्यात किती टक्के फुगते), लिक्विड लिमिट आणि प्लास्टिक लिमिट (किती पाण्यात माती पातळ होते, किती पाण्यात वळायची थांबते) आणि जमलं तर स्वेलिंग प्रेशर (फुगताना किती जोर लावते) काढावं लागतं.

छोट्या घराला मध्यभागी एक बोअर किंवा एक चाचणी खड्डा पुरतो, आयएस १८९२ मध्येच तसं आहे. जेसीबीनं दहा फूट खणा, काळी कुठं संपते, मुरूम कुठं लागतो ते डोळ्यानं बघा. थर बदलला की बकेटमधून नमुना घ्या, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा, खोली लिहून ठेवा. खड्ड्यात कुणी उतरायचं नाही, काळीचा काठ कधी ढासळेल नेम नाही. आणि खड्डा कॉलमच्या जागेवर नको. नांदेडचं एसजीजीएस इंजिनिअरिंग कॉलेज किंवा संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी, दोन्हींकडं लॅबच्या दराची चौकशी करा. जेसीबी धरून १५ च्या आत बसावं.

गोदाकाठ_नांदेड:
म्हणजे फिरून मी म्हणलो तेच. टेस्ट नको, राफ्ट टाका.

उपअभियंता_निवृत्त:
टेस्ट नको असं मी कुठं म्हणलो? परत वाचा.

उदगीरकर_ताई:
राफ्ट-राफ्ट काय लावलंय? आमच्याकडं अंडर-रीम पाईल केलेत. खाली फुगा असतो, खांबाच्या अडीचपट व्यासाचा, आणि खोली निदान साडेतीन मीटर, म्हणजे माती जिथं ओली-सुकी होते त्याच्या खाली. पण ठेकेदारावर डोळा ठेवा. प्लिंथ बीमच्या (भिंतीखालच्या आडव्या बीमच्या) खाली ८० मिमी मोकळी जागा सोडायची असते, माती फुगली तर बीमला ढकलू नये म्हणून. आमच्या ठेकेदाराच्या माणसांनी रिकामं दिसतंय म्हणून त्यात मातीच ठासून भरली, वरून धुमस मारला. दुसऱ्या पावसाळ्यात हॉलची फरशी आणि भिंत दोन्हींनी आवाज केला. पैसे पूर्ण घेऊन गेला तो, फोन उचलत नाही.

किल्लारीकर:
३० सप्टेंबर १९९३ आम्ही बघितलाय, भूकंपाचा विचार आधी करा. बाकी सगळं नंतर.

सेंटरिंगवाला:
काका, मान्य. पण तेव्हा पडली ती दगड-मातीची दोन-दोन फूट जाडीची घरं, वरून माळवदाचं ओझं. हे आरसीसी आहे.

किल्लारीकर:
आरसीसी म्हणून कॉलमच्या कड्यांचं (रिंगांचं) अंतर वाढवणारे मिस्त्री लई बघितलेत. १३५ अंशात हूक वाकवतो का तुमचा मिस्त्री, ते विचारा. पुढचं मग बोलू.

प्रयोगशील_सेलू:
१५ हजार तरी कशाला? घरी करा. माती वाळवून बारीक चाळा, १०-१० ग्रॅम दोन मोजनळ्यांत टाका, एकीत पाणी, एकीत रॉकेल, २४ तास ठेवा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यातली किती जास्त वर आली ते बघा, रॉकेलच्या आकड्यानं भागा, टक्के काढा. हाच फ्री स्वेल इंडेक्स. आमच्या शेताच्या काळीची १२० आली होती. १०० च्या वर गेली की साधं फुटिंग (प्रत्येक कॉलमखालचा सुटा पाया) विसरा.

माणिक_औंढा:
रॉकेल मिळतंय कुठं आता? रेशनला बंद होऊन जमाना झाला.

प्रयोगशील_सेलू:
रंगाच्या दुकानात विचारा.

सेंटरिंगवाला:
डिझेल चालेल का?

उपअभियंता_निवृत्त:
घरगुती प्रयोग अंदाजाला ठीक, डिझाईनला नाही. चाळणी ४२५ मायक्रॉनची लागते, पिठाची नाही. आणि कृपा करून डिझेल नको.

उदगीरकर_ताई:
अजून एक, कुणी सांगितलं नाही. शोषखड्डा आणि न्हाणीचं पाणी पायापासून लांब न्या, घराभोवती तीन-चार फुटांचा कोबा करा, उतार बाहेर. भिंतीला खेटून लिंब असेल तर तो उन्हाळ्यात मातीतलं पाणी ओढतो, तेवढाच कोपरा खाली बसतो. आमच्या जावेच्या घराचा असाच बसला.

गोदाकाठ_नांदेड:
लिंब तोडू नका हो कुणाचं ऐकून. सावली आहे ती.

कोकणचा_जावई:
मी अजूनही म्हणतो, बोअर मारा. खड्डा दहा फुटांवर संपतो. त्याखाली काय आहे कुणाला ठाऊक?

उपअभियंता_निवृत्त:
हे मात्र बरोबर बोललात. दहा फुटांतही मुरूम नाही लागला तर बोअरच लागेल. मारणारच असाल तर एजन्सीला आधी विचारा की फुगण्याच्या टेस्ट त्यात धरल्यात का. नुसता ठोक्यांचा तक्ता आणि एक एसबीसी (जमीन किती भार पेलेल तो आकडा) घेऊन काळीत उपयोग नाही. आणि मशीन चालू असताना स्वतः उभे राहा. ठोके नीट चढत्या क्रमानं लिहिलेले, जागेवर मशीनच आलेलं नाही, असे रिपोर्ट मी सर्व्हिसमध्ये परत पाठवलेत.

जिंतूररोडकर:
सगळ्यांचे आभार. ठरलं असं, की बोअरच मारायलो. खड्ड्याचं घरी सांगितलं तर आप्पा भडकले. भूमिपूजनाच्या आधी प्लॉटमध्ये जेसीबी घालायचा नाही म्हणाले, आणि मुहूर्त निघालाय अक्षय्य तृतीयेनंतरचा. बोअरचं विचारलं तर म्हणाले, ते चालतंय, विहिरीचं बोअर पण आधीच मारतात की. शेजारच्या गल्लीत एका दवाखान्याच्या इमारतीसाठी हेच मशीन येणार आहे, म्हणून एजन्सी २४ हजारांना तयार झाली, स्वेलिंग प्रेशर आणि फ्री स्वेल धरून. ९ हजार बजेटच्या वर गेले. वरच्या मजल्याची ग्रिल पुढच्या वर्षी.

उपअभियंता_निवृत्त:
तुमची मर्जी. एसबीसीसोबत पायाची खोली आणि प्रकार लेखी मागा, आणि नमुने माती सुकायच्या आत लॅबला जातात का बघा.

गोदाकाठ_नांदेड:
२४ हजार गेले. रिपोर्टमध्ये राफ्टच येणार बघा.

माणिक_औंढा:
बोअरला पाणी लागलं तर केसिंग टाकून ठेवा, बांधकामाला कामी येईल.

सेंटरिंगवाला:
ते तीन-चार इंची भोक असतंय माणिकराव, आणि फार तर तीस फूट.

नवीन_वसमत:
चांगला धागा आहे. माझाही प्लॉट काळीतच आहे, पण निम्मा भराव टाकलेला. त्यावर राफ्ट चालेल का? बजेट ५ हजार.